पत्रा उतरवण्याआधी

15 फेब्रुवारी 2006 रोजी फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी आपल्याच देशाची एक निवृत्त विमानवाहू नौका अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावली. ‘क्लेमांसो’ हे तिचे नाव. तोडण्यासाठी ती गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्याकडे निघाली होती. तिच्या पोटात अ‍ॅस्बेस्टॉस किती, यावरून दोन्ही देशांत वाद पेटला होता. कोणी पन्नासेक टन म्हणे, कोणी पाचशे. आकडाच ठरेना, तेव्हा प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आले आणि शेवटी नौका परत फिरली. पुढे ब्रिटनमधल्या हार्टलपूलच्या गोदीत तिचे तुकडे झाले.

जहाजांच्या बाबतीत हा प्रश्न आता बराचसा मार्गी लागला आहे. 2009 साली झालेला हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला. भारताने 2019 मध्ये त्यात सामील होऊन स्वतःचा जहाज पुनर्वापर कायदाही केला. जहाज तोडायला घेण्याआधी त्यावर कोणते घातक पदार्थ, कुठे आणि किती आहेत याची यादी तयार हवी, हे या कराराचे मुख्य कलम आहे. अ‍ॅस्बेस्टॉस त्या यादीत अगदी वर असतो.

मुंबईत जहाजे तुटत आली ती रे रोडजवळच्या दारूखान्यात. तिथून लालबाग-परळचे गिरणगाव हाकेच्या अंतरावर आहे आणि गेली पंचवीस-तीस वर्षे तिथेही तोडकाम चालूच आहे. गिरण्या पडल्या, त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरगाव, दादर, नायगावच्या चाळी एकेक करून पुनर्विकासाला जात आहेत. जहाजाच्या बॉयलरभोवती जे गुंडाळलेले असे, तेच गिरणीच्या बॉयलरभोवतीही असे. यादी मात्र जहाजाचीच होते.

अ‍ॅस्बेस्टॉस हा कारखान्यात बनवलेला पदार्थ नाही. ते खाणीतून निघणारे खनिज आहे. दगड फोडला की त्यातून कापसासारखे तंतू सुटतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाने सहसा खराब होत नाहीत, वीज वाहू देत नाहीत आणि त्यांचे कापडही विणता येते. इतके गुण एकत्र आणि तेही स्वस्तात मिळाल्यावर विसाव्या शतकातल्या उद्योगांनी तो कुठे वापरला नाही, हेच शोधावे लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवायची तारेची जाळी अनेकांना आठवत असेल. तिच्या मधला पांढरा गोल अ‍ॅस्बेस्टॉसचा असे.

व्यापारात त्याचे तीन प्रकार महत्त्वाचे ठरले: पांढरा क्रायसोटाइल, तपकिरी अमोसाइट आणि निळा क्रोसिडोलाइट. निळ्या आणि तपकिरी प्रकारांचे तंतू सरळ, सुईसारखे, पांढऱ्याचे कुरळे. या फरकावर बोट ठेवून पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निर्धोक असल्याचा प्रचार उद्योगाने दशकानुदशके केला. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र स्वच्छ आहे. सर्व प्रकार माणसाला कर्करोग करतात.

गिरणगावात अ‍ॅस्बेस्टॉस दोन वाटांनी आला. पहिली वाट वाफेची. सूत गिरणीत बॉयलर हाऊस हा सगळ्यांत तापलेला भाग. तिथून निघालेली वाफ लोखंडी पाइपांतून सायझिंगला, रंगाईला, ब्लीचिंगला जाई. वाटेत उष्णता वाया जाऊ नये म्हणून पाइपांवर जाड लेप चढवलेला असे. त्याला सगळे ‘लॅगिंग’ म्हणत. जगभर या कामासाठी ‘85 टक्के मॅग्नेशिया’ या नावाने एक मिश्रण विकले जाई. उरलेल्या 15 टक्क्यांत मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत. परळ, लोअर परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे कार्यशाळा याच पट्ट्यात आहेत, आणि वाफेच्या इंजिनांचे बॉयलरही असेच गुंडाळले जात. भट्टीच्या दारांना लावायची दोरी, पाइपांच्या जोडातले गॅस्केट, लिफ्टच्या ब्रेकचे लायनिंग हे सगळे त्याच कुळातले.

दुसरी वाट पावसाची. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि हवा खारी. लोखंडी पत्रा काही वर्षांत गंजतो, कौल सरकते, फुटते. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने 1900 च्या सुमारास सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस मिसळून पातळ, मजबूत पत्रा करण्याची रीत शोधली होती. त्यात तंतूंचे प्रमाण साधारण दहा टक्के, बाकी सिमेंट. हा पत्रा गंजत नाही, पेट घेत नाही, पावसाचा आवाजही कमी करतो. मुंबईकरांनी त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून आपलेसे केले. तो मुलुंडच्या कारखान्यातही बनत असे, त्यामुळे लांबून आणायचीही गरज नव्हती.

गिरगावच्या जुन्या चाळी मुळात लाकडाच्या आणि मंगलोरी कौलांच्या. अ‍ॅस्बेस्टॉस त्यांच्यात नंतर शिरला, डागडुजीतून. गॅलरीवरचे छज्जे, कॉमन संडासांची छपरे, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांवरचा आडोसा, मागच्या भिंतीवरून उतरणारे पावसाच्या पाण्याचे आणि संडासाचे पाइप. गिरण्यांमध्ये गोदामे, सायकल स्टँड आणि कँटीनच्या शेडवर तोच पत्रा. ज्यांनी ही कामे केली ते मिस्त्री कधीच निघून गेले आणि कुठे काय बसवले याची नोंद कुणी ठेवली नाही.

धोका तंतूच्या आकारात आहे. हवेतले तंतू मोजताना पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले तंतू धरले जातात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यामुळे यातला एकही तंतू डोळ्यांना दिसत नाही. नाकातले केस, श्वासनलिकेतला कफ यांना चकवून तो थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात. लांब तंतू त्यांच्यात मावत नाही, पचतही नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती दाह होत राहतो आणि हळूहळू फुप्फुसाची स्पंजासारखी जागा कडक व्रणाने भरू लागते. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. सुरुवात जिने चढताना लागणाऱ्या धापेने होते. व्रण पूर्ववत करणारे औषध नाही.

याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. 1979 साली अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांवर झालेल्या अभ्यासात फक्त अ‍ॅस्बेस्टॉसमुळे हा धोका सुमारे पाचपट, फक्त धूम्रपानामुळे अकरापट आणि दोन्ही एकत्र आले की पन्नासपटीहून अधिक निघाला. मेसोथेलिओमाला मात्र विडीची गरज नाही. संपर्क आणि आजार यांच्यात वीस ते चाळीस वर्षांचे अंतर पडते, कधी त्याहूनही जास्त. पंचविशीत पत्रे फोडणाऱ्या मजुराला साठीत धाप लागते. तोवर ठेकेदार, इमारत आणि गावचा सोबती यांपैकी कुणीच साक्षीला उरलेले नसते.

वैद्यकाला हे फार पूर्वीच कळले होते. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत काढणारी नेली कर्शॉ 1924 साली तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी प्रसिद्ध केली आणि पुढे या आजाराला नाव दिले. 1931 मध्ये ब्रिटनने कारखान्यांसाठी धुळीचे नियम केले. 1960 साली दक्षिण आफ्रिकेत जे. सी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण नोंदवले. त्यातले अनेक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते, फक्त त्या भागात राहत होते. 1965 साली लंडनमधल्या अभ्यासात कामगारांच्या घरातले लोकही या आजाराने दगावल्याचे दिसले. तंतू कामाच्या कपड्यांवरून घरी आले होते आणि ते कपडे घरातलेच कुणी धूत होते.

सुरुवातीची ही सगळी उदाहरणे खाण आणि कारखान्यांची. इमारतींचा नंबर नंतर लागला आणि तोच मोठा निघाला. ज्युलियन पेटो आणि सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवले की 1940 च्या दशकात जन्मलेल्या आणि वयाच्या तिशीआधी दहा वर्षांहून जास्त सुतारकाम केलेल्या ब्रिटिश सुतारांपैकी दर सतरांतला एक जण मेसोथेलिओमाने दगावेल. हे लोक अ‍ॅस्बेस्टॉसचे कामगार म्हणवत नव्हते. ते फक्त बोर्ड करवतत होते, भोके पाडत होते, छप्पर दुरुस्त करत होते. ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉसवर 1999 मध्ये पूर्ण बंदी घातली. तरीही अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या आजारांनी तिथे आजही वर्षाला सुमारे पाच हजार माणसे मरतात.

मुंबईत या आजाराचा माग काढणाऱ्यांत दादरमधून काम करणारे ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर अग्रभागी आहे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या 181 कामगारांची तपासणी करून 2005 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाचातल्या एकाहून अधिक कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. हे कायम नोकरीतले, मस्टरवर नाव असलेले कामगार होते. रोजंदारीवर येऊन गेलेल्यांना शोधायला कुठलेही रजिस्टर नव्हते.

निदानाची अडचण मुंबईला नवी नाही. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी कापसाच्या धुळीने होणाऱ्या बायसिनोसिसचा गिरणी कामगारांत अभ्यास केला, त्याआधी आणि त्यानंतरही कामगाराचा खोकला म्हणजे टीबी किंवा दमा असेच धरले जाई. अ‍ॅस्बेस्टॉसिसचेही तेच होते. एक्स-रेमध्ये सावली दिसली की टीबीची औषधे सुरू होतात. डॉक्टरने एकच प्रश्न विचारला तर गाडी रुळावर येते: गेल्या चाळीस वर्षांत काय काय काम केले?

कायदा या कामगाराच्या बाजूने आहे, निदान कागदावर. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कायद्याने नोंदणीयोग्य आजार आहे. तो झाल्याचे आढळले की डॉक्टरने सरकारी निरीक्षकांना कळवायचे असते. नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याची नोंद आहे. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांत जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, हवेतले तंतू मेम्ब्रेन फिल्टर पद्धतीने मोजावेत आणि आजारी ठरलेल्याला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश झाले. आजाराचा उशीर ओळखूनच चाळीस वर्षांचा आकडा आला होता.

पण हा निकाल कारखान्यासमोर ठेवून लिहिला गेला. पत्रे उतरवणारा मजूर सकाळी नाक्यावरून उचलला जातो, मुकादम त्याला साइटवर सोडतो आणि संध्याकाळी रोकड मिळते. त्याची चाळीस वर्षांची नोंद ठेवणार कोण? 2011 मध्ये संपूर्ण बंदीची मागणी न्यायालयाने फेटाळली. भारतात नव्या खाणपट्ट्यांना 1986 पासूनच मनाई आहे, आयात मात्र खुली आहे आणि पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्वांत मोठ्या आयातदारांत आपली गणना होते. त्यामुळे जुना पत्रा उतरतो आणि काही वेळा त्याच जागी तसाच नवा चढतो.

आता रहिवाशांच्या प्रश्नाकडे. गॅलरीवर सिमेंटचा पत्रा असलेल्या घरात राहणाऱ्यांनी आज रात्री झोप उडवून घ्यायची का? नाही. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि अखंड, रंगवलेल्या पत्र्यातून ते फारसे सुटत नाहीत. घातक ठरते ते त्याला छेडणे: ड्रिलने भोक पाडणे, कटरने कापणे, शेवाळ काढण्यासाठी तारेच्या ब्रशने घासणे, हातोड्याने फोडणे. पाइपांवरचे लॅगिंग वेगळे. ते मऊ असते, बोटांनी चुरगळते आणि नुसता धक्का लागला तरी तंतू उडतात. म्हणून पाडकामात लॅगिंग आधी शोधायचे आणि त्याला सराईत माणसांखेरीज कुणी हात लावायचा नाही.

पाडकामाची रूढ पद्धत साधारण अशी. दोघे जण छपरावर चढतात, गंजलेले जे-बोल्ट उघडण्याऐवजी पत्र्यावरच घण घालतात, तुकडे वरून खाली टाकतात, खाली कोणी तरी झाडूने ते डेब्रिजच्या ढिगात ओढते. धूळ उडते, म्हणून तोंडाला रुमाल. शाबूत निघालेले पत्रे भंगारवाला नेतो आणि ते कुठल्या तरी झोपडीवर पुन्हा चढतात. या साखळीतली प्रत्येक पायरी तंतू हवेत सोडते. त्यात आणखी एक जुना धोका आहे. सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो आणि माणसाचे वजन पेलत नाही. पत्र्यातून आरपार पडून छपरावरचे मजूर जिवाला मुकतात. पत्र्याखालच्या पर्लिनवर, म्हणजे आधाराच्या दांड्यांवर, आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालावे आणि सेफ्टी बेल्ट बांधावा, हा नियम पहिल्या दिवसापासून लागतो.

योग्य पद्धत महागडी यंत्रे मागत नाही. पाणी आणि धीर ही तिची मुख्य हत्यारे. पत्रे आधी भिजवायचे, पाण्यात थोडा साबण मिसळला तर ते आत मुरते. बोल्ट उघडायचे, उघडत नसतील तर बोल्ट कापायचा, पत्रा नाही. पत्रा अखंड उतरवून दोरीने किंवा हातोहात खाली द्यायचा. ग्राइंडर, कॉम्प्रेसरची हवा आणि कोरडा झाडू साइटवरून हद्दपार. खाली पडलेली धूळ ओल्या फडक्याने किंवा हेपा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमने उचलायची. कामाच्या जागेभोवती दोरी बांधून इतर मजुरांना दूर ठेवायचे, कारण शेजारी प्लास्टर फोडणारा बिगारीही तीच हवा घेतो.

मास्कबाबत बोलताना रुमाल आणि सर्जिकल मास्क आधी बाजूला ठेवावे लागतात. बारीक तंतू त्यांच्या कडेतून आणि आरपार जातात. अ‍ॅस्बेस्टॉससाठी पी100 किंवा एफएफपी3 दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढी असेल तर तो बसत नाही. आणि मास्क ही शेवटची फळी आहे. आधी धूळच कमी करायची, मग उरलेल्या धुळीसाठी मास्क. काम संपल्यावर कपडे साइटवरच उतरवायचे, अंघोळ करायची आणि ते कपडे घरी न्यायचे नाहीत. मजूर ज्या खोलीत आठ-दहा जणांसोबत झोपतो, तिथे ते कपडे खुंटीवर टांगले तर धूळ सगळ्यांच्या वाट्याला येते.

उतरवलेला माल साध्या डेब्रिजच्या ट्रकमध्ये घालायचा नसतो. टाकाऊ अ‍ॅस्बेस्टॉस 2016 च्या घातक कचरा नियमांच्या यादीत आहे. जाड प्लास्टिकच्या दुहेरी थरात गुंडाळून, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ असे लिहून तो अधिकृत घातक कचरा केंद्रात जायला हवा. मुंबई परिसरासाठी असे केंद्र तळोज्याला आहे. प्रत्यक्षात फुटलेले पत्रे विटा-मातीत मिसळून भरावाला जातात आणि एकदा मिसळले की ते वेगळे काढणे अशक्य होते.

या सगळ्याच्या आधी एक पायरी हवी. घण पडण्यापूर्वी कोणत्या मजल्यावर, कोणत्या पाइपावर, कोणत्या छपरात अ‍ॅस्बेस्टॉस आहे ते शोधणे. ब्रिटनमध्ये पाडकामाआधी ही तपासणी सक्तीची आहे. संशयित लेपाचा किंवा पत्र्याचा नखाएवढा तुकडा ओला करून काढायचा आणि प्रयोगशाळेत ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पत्रा, लॅगिंग, पाइप असे चार-सहा नमुने तपासले तर गिरगावातल्या चार मजली चाळीचे चित्र स्पष्ट होते.

मुंबईत या तपासणीसाठी आयती जागा आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे महापालिका कायद्याच्या कलम 353 बी नुसार बंधनकारक आहे. 1969 मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती 19,642 होत्या. त्यांपैकी हजारो अजून उभ्या आहेत आणि विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली पुनर्विकासाची वाट पाहत आहेत. ऑडिटसाठी अभियंता तसाही प्रत्येक खोलीत, गच्चीवर, मागच्या गल्लीत जातो. बीम आणि कॉलमसोबत त्याने पत्रे, पाइप आणि लेप यांचीही नोंद केली तर जहाजाच्या यादीसारखी इमारतीची यादी तयार होईल.

कायदा होईपर्यंत सोसायटीच्या हाती विकासकाशी होणारा करार आहे. त्यात चार गोष्टी लिहून घेता येतात: पाडकामाआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी आणि तिचा अहवाल, पत्रे ओले करून, अखंड उतरवण्याची अट, तळोज्याला माल पोचल्याची पावती, आणि त्या कामावरच्या प्रत्येक मजुराचे नाव, गाव आणि कामाच्या तारखा असलेले रजिस्टर, ज्याची एक प्रत ठेकेदाराकडे आणि एक सोसायटीच्या दप्तरात राहील. शेवटची अट विकासकाला विचित्र वाटेल. आज पत्रे उतरवणाऱ्या पंचविशीतल्या मजुराला 2060 च्या आसपास डॉक्टरकडे जावे लागले, तर त्याच्या कामाचा तोच एकमेव लेखी पुरावा असेल.